मास्ट: तरुण तारकागुच्छांच्या मूळ प्रतिमा मोफत, पण तयार याद्यांपासून सावध

वेस्टरलुंड २, एनजीसी ३६०३, आर१३६ या तरुण तारकागुच्छांची जी चित्रं सगळीकडे फिरतात, ती प्रसिद्धीसाठी रंगवून काढलेली असतात. ती बघायला छान, पण एखादा तारा किती तेजस्वी आहे किंवा तेजोमेघाच्या कडेवर हायड्रोजन नेमका कुठे चमकतोय हे त्यावरून मोजता येत नाही. त्यासाठी मूळ डेटा लागतो. हबल आणि जेम्स वेब या दोन्ही दुर्बिणींचा तो डेटा बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधल्या मास्ट या अभिलेखागारात ठेवलेला आहे. पूर्ण नाव बार्बरा ए. मिकुल्स्की आर्काइव्ह फॉर स्पेस टेलिस्कोप्स. सेवा मोफत आहे, आणि खुल्या झालेल्या डेटासाठी खातंही काढावं लागत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्रतिमांसाठी मास्टला पैकीच्या पैकी गुण. प्रतिमांसोबत येणाऱ्या आपोआप बनलेल्या तारकायाद्यांना, निदान दाट तरुण गुच्छांच्या बाबतीत, काठावर पासही करता येणार नाही. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. मास्टची पाइपलाइन, म्हणजे डेटावर आपोआप प्रक्रिया करणारी यंत्रणा, ही एकाच मापाने सगळ्यांचे कपडे शिवणारा शिंपी आहे. रिकाम्या काळ्या आकाशात सुटे तारे किंवा दूरच्या दीर्घिका असतील तर ते माप बरोबर बसतं. मागे तेजोमेघ पेटलेला, मध्यभागी डझनभर ओ-वर्गीय, म्हणजे अतितप्त आणि जड, तारे एकमेकांना खेटून आणि भोवती हजारो मंद तारे अशी जागा आली, की शिवण उसवते.

आधी शोधण्याबद्दल. शोधपेटीत गुच्छाचं नाव रोमन लिपीत टाकलं की मास्ट ते नाव सिम्बाड किंवा नेड या खगोलीय नावांच्या कोशांकडून आकाशातल्या जागेत बदलून घेतं. यादीतलं नाव द्या, टोपणनाव नको: ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ या प्रसिद्ध स्तंभांसाठी एम१६ किंवा एनजीसी ६६११, कॅरिना तेजोमेघातल्या ‘कॉस्मिक क्लिफ्स’ या कड्यांसाठी एनजीसी ३३२४. त्रिज्या स्वतः भरा, ०.२ अंश पुरते. नावावरून मिळणारा मध्यबिंदू बहुतेकदा गुच्छाचा असतो आणि तेजोमेघाची प्रसिद्ध कड त्यापासून काही आर्कमिनिट दूर असते. त्रिज्या लहान ठेवली तर नेमकी तीच निरीक्षणं यादीतून गळतात, आणि डेटाच नाही असा गैरसमज होतो.

निकालांची यादी शेकड्यांत येते. ती चाळण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे प्रस्ताव क्रमांक, म्हणजे ज्या मंजूर प्रस्तावाखाली निरीक्षणं झाली त्याचा क्रमांक. हे थोडे हाताशी ठेवा: वेस्टरलुंड २ साठी हबलचा १३०३८, एनजीसी ३६०३ साठी ११३६०, टॅरंट्युला तेजोमेघासाठी १२४९९ आणि १२९३९. वेबसाठी एनजीसी ३३२४ चा २७३१, टॅरंट्युलाचा २७२९, एम१६ च्या स्तंभांचा २७३९, लहान मॅगेलन मेघातल्या एनजीसी ३४६ चा १२२७ आणि वेस्टरलुंड १ चा १९०५. क्रमांक माहीत नसेल तर डाव्या बाजूच्या चाळण्यांत दुर्बीण, उपकरण, ‘इमेज’ हा प्रकार आणि कॅलिब्रेशन पातळी ३ निवडा. पातळी ३ म्हणजे अनेक एक्सपोजर एकत्र जुळवून केलेली अंतिम प्रतिमा. ओळीवर कुलूप दिसलं तर तो डेटा अजून प्रस्ताव मांडणाऱ्या चमूपुरताच आहे. वेबच्या सर्वसाधारण प्रस्तावांसाठी ही मुदत साधारणपणे १२ महिने असते, आणि ती कधी संपते ते प्रकाशन-तारखेच्या रकान्यात लिहिलेलं असतं. पहिल्या जाहीर चित्रांचा डेटा मात्र जुलै २०२२ मध्येच सर्वांना खुला झाला. २७३१ सुरुवातीला सोयीचा आहे तो म्हणूनच.

पोर्टलचा चेहरा जुन्या वळणाचा आहे. रकाने फार, डाउनलोडची टोपली भरताना एकेका निरीक्षणाखाली डझनावारी फायली उघडतात, आणि ‘किमान शिफारस केलेली उत्पादनं’ ही खूण केली नाही तर कच्च्या फायलींचाही ढीग सोबत येतो. ती खूण आधी करा. झिप फाइल घेण्यापेक्षा डाउनलोडची स्क्रिप्ट घ्या, कारण आकार मोठे असतात आणि मध्येच जोडणी तुटली तर झिप पहिल्यापासून उतरवावी लागते. आकाराचा अंदाज हवा असेल तर हिशेब असा: एनजीसी ३३२४ चं नियरकॅमचं (वेबच्या जवळच्या-इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं) लघुतरंग मोझॅक सुमारे १२ कोटी पिक्सेलचं आहे. प्रत्येक पिक्सेल ४ बाइटचा, म्हणजे एक थर अर्धा जीबी. वेबच्या अंतिम फाइलमध्ये प्रतिमा, त्रुटी, वजन, तीन प्रकारची व्हेरिअन्स असे एकूण सात थर असतात, त्यामुळे एका फिल्टरची फाइल ३ जीबीच्या वर जाते. चित्र करायचं असेल तर फक्त ‘एससीआय’ नावाचा थर वेगळा काढून बाकी फाइल बाजूला ठेवा. डिस्क वाचते आणि संगणकही श्वास घेतो. पायथन येत असेल तर अ‍ॅस्ट्रोक्वेरी या त्याच्या मोफत लायब्ररीमधून हेच सगळं चार ओळींत होतं, आणि पोर्टलकडे पुन्हा वळून बघावंसं वाटत नाही.

फायलींच्या नावातली शेपटी ओळखता आली पाहिजे. हबलच्या एसीएस आणि डब्ल्यूएफसी३-यूव्हीआयएस या कॅमेऱ्यांसाठी ‘डीआरसी’ घ्या. त्यात एक्सपोजर एकत्र जुळवलेली असतात आणि सीसीडीमध्ये वाचनाच्या वेळी मागे रेंगाळणाऱ्या विद्युतभाराची दुरुस्तीही केलेली असते. ‘डीआरझेड’मध्ये ही दुरुस्ती नसते. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात हा दोषच नाही, म्हणून तिथे ‘डीआरझेड’च मिळते. वेबसाठी ‘आय२डी’ ही शेवटची जुळवलेली प्रतिमा आणि ‘कॅल’ ही सुटी कॅलिब्रेट केलेली. हबलची प्रतिमा इलेक्ट्रॉन प्रति सेकंद या एककात येते, वेबची मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियनमध्ये. दोन्ही एकत्र वापरणार असाल तर हे आधी बघा.

आता फिल्टर. इथे फसण्याच्या दोन जागा आहेत. पहिली हबलमध्ये: एफ६५८एन हे नाव एसीएसवरही आहे आणि डब्ल्यूएफसी३ वरही, पण वस्तू एक नाही. एसीएसचा फिल्टर रुंद आहे, त्यात हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनची लाल रेषा) आणि शेजारच्या नायट्रोजनच्या रेषा अशा दोन्ही येतात. डब्ल्यूएफसी३ चा अरुंद फिल्टर नायट्रोजनच्या ६५८३ अँगस्ट्रॉमच्या रेषेसाठी आहे. त्या कॅमेऱ्यावर हायड्रोजन-अल्फा हवा असेल तर एफ६५६एन किंवा थोडा रुंद एफ६५७एन घ्यावा लागतो. दुसरी जागा वेबच्या फाइलनावात: नियरकॅमचे काही अरुंद फिल्टर दुसऱ्या चाकात बसवलेले आहेत आणि ते रुंद फिल्टरच्या जोडीनेच वापरता येतात. म्हणून एफ४७०एनची फाइल ‘एफ४४४डब्ल्यू-एफ४७०एन’ अशा नावाने येते. घाईत पहिला अर्धा भाग वाचून तीच एफ४४४डब्ल्यू म्हणून उतरवली, तर रेणुरूप हायड्रोजनचा अरुंद पट्टा रुंद पट्ट्याच्या जागी जाऊन बसतो आणि रंग का जुळत नाहीत हे कळत नाही.

तेजोमेघात तारे मोजायचे असतील तर फिल्टरच्या आत कोणत्या वायुरेषा शिरतात हे त्याहून महत्त्वाचं. एफ६०६डब्ल्यूच्या पट्ट्यात हायड्रोजन-अल्फा थेट येते. एफ५५५डब्ल्यूमध्ये ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची रेषा येते. तापलेल्या तेजोमेघात या रेषा इतक्या प्रखर असतात की ताऱ्यामागची पार्श्वभूमी ओबडधोबड होते आणि मंद ताऱ्याचं तेज त्या चढउतारांत हरवतं. एफ५४७एम किंवा एफ७७५डब्ल्यू मिळत असेल तर ताऱ्यांसाठी ते घ्या. एफ५५५डब्ल्यू फक्त रंगचित्रासाठी ठेवा.

केवळ वायू हवा असेल तर अरुंद फिल्टरच्या प्रतिमेतून रुंद फिल्टरची प्रतिमा एका गुणकाने गुणून वजा करतात. वेबवर हायड्रोजनच्या पाश्चेन-अल्फा या इन्फ्रारेड रेषेसाठी एफ१८७एनमधून एफ१८२एम किंवा एफ२००डब्ल्यू, रेणुरूप हायड्रोजनसाठी एफ४७०एनमधून एफ४४४डब्ल्यू. गुणक पुस्तकी आकड्याने ठरवू नका. बहुतेक सामान्य तारे नाहीसे होईपर्यंत तो हळूहळू बदलत जा. काही तारे उणे होऊन काळे दिसतील, काही उरतील. उरणाऱ्यांत खुद्द उत्सर्जन-रेषा असलेले तारे असू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी गुणक ओढूनताणून वाढवायचा नाही.

याद्यांना इतके कमी गुण का, ते आर१३६ च्या उदाहरणाने कळेल. हा गुच्छ मोठ्या मॅगेलन मेघात, सुमारे १.६ लाख प्रकाशवर्षांवर आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा गाभा, आर१३६ए, हा सूर्याच्या हजारपटीहून जास्त वस्तुमानाचा एकच तारा असावा असं अनेकांना वाटत होतं. १९८५ मध्ये स्पेकल इंटरफेरोमेट्रीने (अनेक अतिलहान एक्सपोजरांतून बारीक तपशील काढण्याच्या तंत्राने) तो एक नसून अनेक तारे आहेत हे दाखवलं. त्यातला आर१३६ए१ आजही सर्वांत वजनदार ज्ञात ताऱ्यांपैकी एक आहे, आणि शेजारचा ए२ त्याच्यापासून जेमतेम ०.१ आर्कसेकंदावर आहे. डब्ल्यूएफसी३ चा दृश्य कॅमेरा ०.०४ आर्कसेकंदाचा पिक्सेल वापरतो, म्हणजे दोघांमध्ये अडीच पिक्सेल. मॅगेलन मेघाच्या अंतरावर एक पिक्सेल सुमारे २,००० खगोलीय एककांचा पडतो. आपोआप यादी करणारी प्रणाली आधी उजळ पिक्सेलांचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याला एक वस्तू मानून वर्तुळात तेज मोजते. अडीच पिक्सेलांवरचे दोन तारे तिच्या लेखी एकच. १९८५ पूर्वीची चूक ही यादी आजही करते, फक्त लहान प्रमाणात.

परिणाम नुसता आकड्यांचा घोळ एवढाच राहत नाही. दोन मध्यम तारे मिळून एक मोठा तारा नोंदला जातो आणि मंद तारे प्रखर शेजाऱ्याच्या झळाळीत गायब होतात. म्हणजे वस्तुमानाच्या वितरणात वरचं टोक फुगतं, खालचं झडतं, आणि ‘या गुच्छात जड तारे नेहमीपेक्षा जास्त बनले’ असा निष्कर्ष हाती येतो. तो निसर्गाचा नसून यादीचा असतो. शिवाय तेजोमेघातल्या गाठी आणि धुळीच्या कडा हीच प्रणाली तारे म्हणून मोजते, ते वेगळंच. वेबच्या ‘कॅट’ शेपटीच्या याद्यांत कड्यांच्या रेषेवर ‘ताऱ्यां’ची रांगच लागलेली दिसली तर दचकू नका.

उपाय म्हणजे यादी स्वतः करणे. हबलसाठी ‘एफएलसी’ (सुटी, विद्युतभाराची दुरुस्ती केलेली एक्सपोजर) आणि वेबसाठी ‘कॅल’ फायली उतरवा आणि ताऱ्याच्या प्रतिमेचा आकार बसवून तेज मोजणारं डॉलफॉटसारखं सॉफ्टवेअर चालवा. त्यात दोन्ही दुर्बिणींचे कॅमेरे येतात. मग खोटे तारे पेरण्याची चाचणी करा: माहीत असलेल्या तेजाचे कृत्रिम तारे प्रतिमेत टाकायचे, तीच प्रक्रिया पुन्हा चालवायची आणि किती परत सापडले ते मोजायचं. ही चाचणी गुच्छाच्या गाभ्यात आणि कडेला वेगवेगळी करावी, कारण कडेला ९० टक्के सापडणारा मंद तारा गाभ्यात सापडतच नाही. पूर्ण क्षेत्राचा एकच सरासरी आकडा काढला की सगळी मेहनत पाण्यात.

हे झेपणार नसेल तर मास्टमध्येच एक चांगली वाट आहे: एचएलएसपी, म्हणजे संशोधक चमूंनी स्वतः तयार करून परत जमा केलेली उत्पादनं. टॅरंट्युलाच्या हबल ट्रेझरी प्रकल्पाने अतिनीलपासून जवळच्या इन्फ्रारेडपर्यंत आठ लाखांहून अधिक ताऱ्यांची मोजणी केली. पाइपलाइनच्या यादीच्या तुलनेत अशी यादी कितीतरी भरवशाची असते. त्याच विभागात यूलिसिस नावाचा वर्णपटांचा संग्रह आहे. हबलच्या सुमारे हजार प्रदक्षिणा खर्चून घेतलेला हा कार्यक्रम डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण झाला. त्यात मॅगेलन मेघांतल्या ओ आणि बी वर्गाच्या ताऱ्यांचे अतिनील वर्णपट आहेत, आणि जवळच्या तारकानिर्मितीच्या भागांतल्या कोवळ्या हलक्या ताऱ्यांचेही. जड ताऱ्याचा वारा किती वेगाने सुटतो हे कार्बनच्या १५५० अँगस्ट्रॉमजवळच्या रेषेच्या निळ्या कडेवरून थेट वाचता येतं. मास्टमधला हा कदाचित सर्वांत कमी वापरला जाणारा, पण सर्वांत नीट लावलेला कप्पा असेल.

प्रतिमांना पैकीच्या पैकी दिले याचा अर्थ त्या निर्दोष आहेत असा नाही. वेबच्या प्रतिमांत प्रखर ताऱ्यांच्या मध्यभागी काळं भोक दिसतं. पहिल्याच वाचनात पिक्सेल भरून गेला तर विद्युतभार किती वेगाने साठतोय तो चढ मोजायला दुसरा बिंदू उरत नाही, म्हणून पाइपलाइन तो पिक्सेल टाकून देते. चित्रासाठी ही भोकं शेजारच्या मूल्यांनी बुजवायला हरकत नाही, मोजमापासाठी मुळीच नाही. नियरकॅममध्ये वाचनाच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे बारीक पट्टेही उमटतात. ओळीओळीचा मध्यक वजा करून ते घालवायची सोपी युक्ती सांगितली जाते, पण जिथे तेजोमेघाने पूर्ण ओळ व्यापली आहे तिथे मध्यकातच तेजोमेघ असतो. पट्ट्यांसोबत तोही पुसला जातो. तसंच निरनिराळ्या तुकड्यांची पार्श्वभूमी जुळवताना पाइपलाइनला रिकामं आकाश हवं असतं. ते नसल्याने मोझॅकमध्ये तुकड्यांच्या सीमा पायऱ्यांसारख्या दिसतात. हबलमध्ये उलटा प्रकार घडतो: एक्सपोजर अगदी नेमकी जुळली नसतील तर ताऱ्याचं टोकदार शिखरच वैश्विक किरण समजून कापलं जातं. सर्वांत प्रखर तारे मधोमध कुरतडल्यासारखे दिसले तर ‘एफएलसी’वरून ड्रिझलपॅक हे एक्सपोजर जुळवणारं सॉफ्टवेअर पुन्हा चालवा आणि वैश्विक किरणांची कात्री थोडी सैल करा. हबलच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर आधीच्या निरीक्षणातल्या प्रखर ताऱ्यांची चमक पुढच्या प्रतिमेत रेंगाळते. प्रत्येक एक्सपोजरमध्ये जी वस्तू हळूहळू मंद होत जाते, ती ताऱ्यांत मोजू नका.

रंगचित्राच्या पायऱ्यांत फारसं गूढ नाही. सगळे फिल्टर एकाच पिक्सेलजाळीवर आणा, कारण नियरकॅमचा लघुतरंग पिक्सेल ०.०३१ आणि दीर्घतरंग ०.०६३ आर्कसेकंदाचा आहे. फिट्स लिबरेटर किंवा सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एएसआयएनएच ताण द्या, म्हणजे मंद वायू वर येतो आणि ताऱ्यांचे गाभे जळत नाहीत. काळ्याची पातळी थोडी वरच ठेवा, शून्याला कापू नका. सर्वांत लांब तरंगलांबी लाल, सर्वांत लहान निळी. १६ बिटच्या टिफमध्ये साठवा.

सुरुवात वेस्टरलुंड २ पासून करावी. सुमारे २०,००० प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ १० ते २० लाख वर्षं वयाचा, भोवती गम २९ तेजोमेघ, आणि १३०३८ मध्ये दृश्य व इन्फ्रारेड दोन्ही पट्टे व्यवस्थित मिळतात. वेस्टरलुंड १ पहिल्यांदा नको. १९६१ मध्ये बेंग्ट वेस्टरलुंड यांनी शोधलेल्या या गुच्छासमोर इतकी धूळ आहे की दृश्य प्रकाश सुमारे ११ प्रतींनी घटतो, म्हणजे पंचवीस हजारपट मंद होतो. इन्फ्रारेडमध्ये गेलं की त्यातले लाल महाराक्षसी तारे कॅमेरा भरून टाकतात. मग एका बाजूला काही दिसत नाही, दुसऱ्या बाजूला फार दिसतं.

मास्टमध्ये जे नाही तेही आधीच माहीत असावं. ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा तिच्या स्वतःच्या अभिलेखागारात आहे, स्पिट्झर या इन्फ्रारेड दुर्बिणीचा इर्सा या इन्फ्रारेड अभिलेखागारात. तरुण गुच्छाच्या कामात क्ष-किरणांची गरज पडतेच, कारण कोवळे हलके तारे क्ष-किरणांत सूर्यापेक्षा कितीतरी प्रखर असतात, आणि वाटेत आलेल्या म्हाताऱ्या ताऱ्यांतून गुच्छाचे खरे सदस्य त्यावरून वेगळे काढता येतात. दोन्हीकडच्या जागा जुळवण्याआधी हबलच्या फाइलच्या शीर्षकात डब्ल्यूसीएसनेम ही नोंद वाचा. तिच्यात गाया (ताऱ्यांच्या अचूक जागा मोजणारं यान) हे नाव असेल तर जागा गायाच्या यादीशी जुळवलेली आहे. नसेल तर जुन्या मार्गदर्शक-तारकांच्या त्रुटीमुळे पूर्ण प्रतिमा अर्ध्या-एक आर्कसेकंदाने सरकलेली असू शकते. दाट गुच्छात तेवढ्या अंतरात दुसराच तारा बसलेला असतो आणि क्ष-किरण त्याच्या नावावर लागतात. म्हणून आधी गायातल्या सुट्या, न भरलेल्या वीस-पंचवीस ताऱ्यांवर प्रतिमा सरकवून घ्या, आणि मगच जुळवणी करा.